ओव्हाळ मॅडमची हवा

ओव्हाळ मॅडम टायरला आणि गाईच्या पोटाला एकाच पद्धतीने हात लावायच्या. आधी तळवा सपाट ठेवायच्या, मग दोन बोटांनी टिचकी मारायच्या आणि मान जराशी तिरकी करून ऐकायच्या. गाय असली तर डाव्या भकाळीत, बरगड्या संपतात तिथल्या खळग्यात. टायर असला तर जमिनीला टेकतो त्याच्या थोडं वर, जिथे तो पोटासारखा फुगतो तिथे. दोन्हीकडे त्यांचा प्रश्न एकच असायचा, आत हवा किती आहे. गाईच्या पोटात ती जास्त झाली तर गाय तासाभरात जाते, हे मला शिकताना कळलं होतं. टायरचं मात्र मला मॅडमनी शिकवलं.

डॉ. वत्सला ओव्हाळ आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर होत्या आणि मी तिथे पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे लसी टोचायच्या, कानात बिल्ले मारायचे आणि डॉक्टरांच्या मागे लसीचा डबा धरून चालायचं. कामशेत आणि लोणावळ्याच्या मधे, जुन्या हायवेपासून आत, दोन खोल्या आणि पुढे जनावर उभं करायचा लोखंडी खोडा, एवढाच दवाखाना. पण हाताखालची गावं डोंगरापर्यंत पसरलेली. बाकीचे डॉक्टर मोटारसायकलवर फिरायचे. मॅडम जीपमधून फिरायच्या.

जीप त्यांच्या वडिलांची. अण्णा लष्कराच्या डेपोत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर लोक गावाकडे घराचा पाया काढतात, अण्णांनी लिलावातली जुनी जीप घेतली आणि तळेगावच्या घराच्या अंगणात उभी केली. आई वर्षभर बोलली नाही म्हणे. मॅडम त्या जीपवरच गाडी शिकल्या. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, मिस्टर अकालीच गेले. या सगळ्यात जीप आपली तशीच होती, ताडपत्रीचं छप्पर बदलत, रंग उडवत.

मी रुजू झालो त्याच दिवशी करवंदवाडीहून निरोप आला, म्हैस अडली आहे. पावसाची उघडीप होती. आम्ही निघालो. बंधाऱ्यापाशी डांबरी रस्ता संपतो, तिथे मॅडमनी गाडी थांबवली आणि उतरून पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. गळ्यात दोरी होती. तिला एका बाजूला थर्मामीटर आणि दुसऱ्या बाजूला हवा मोजायचा पितळी गेज. पुढच्या क्षणाला फुस्स असा आवाज यायला लागला.

"पंक्चर आहे का मॅडम?"

"नाही. हवा सोडतेय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

तिकडे म्हैस अडलेली, माणूस वाटेला डोळे लावून बसलेला, आणि डॉक्टर चांगल्या भरलेल्या टायरची हवा काढत बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "तिकोने, पायातलं काढून चिखलात उभे राहिलात तर बोटांचं काय होतं?"

"पसरतात."

"आणि नुसत्या टाचेवर उभे राहिलात तर?"

"रुततो की."

"मग टायरलाही जरा बोटं पसरू द्या."

चारही चाकं झाली. मी नुसताच उभा आहे हे बघून मागची दोन त्यांनी माझ्याकडून करून घेतली. मग आम्ही त्या भातखाचरांच्या मधल्या वाटेने असे गेलो, की मागून आलेला दूधवाल्याचा टेम्पो जिथे बसला तिथे आमची जीप फक्त जराशी डुलली. म्हैस वाचली. पारडू मात्र गेलं. परत येताना मॅडम डांबर लागल्यावर थांबल्या, मागून पायपंप काढला आणि चारही चाकं पुन्हा भरली. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन भरू की. तर म्हणाल्या, "मऊ टायर डांबरावर पळवला की बाजूच्या कुशीत तापतो. तापला की फाटतो. आज एक गेलंय, तेवढं पुरे."

पुढे मला त्यांचं गणित कळत गेलं. गणित म्हणजे काय, चार-पाच गोष्टी. रस्त्याला तीसची हवा. मुरूम आणि दगडाला बाविसाच्या आसपास. खोल चिखलाला अठरा. नदीच्या वाळूत चौदा, पण मग गाडी हळू वळवायची, नाहीतर टायर रिममधून निसटतो. धारेच्या दगडावर फार खाली जायचं नाही, कारण मऊ टायरची कूस बाहेर सुटते आणि दगड तिथेच चावतो. हे आकडे सांगितले की त्या लगेच म्हणायच्या, "आणि यातला एकही पाठ करू नका. उतरून बघा."

आणि त्या खरंच उतरायच्या. कुठेही. लग्नाला गेल्या तरी मांडवात शिरायच्या आधी बाहेर लावलेल्या गाड्यांवरून त्यांची नजर फिरायची. एकदा सोमाटण्याच्या एका लग्नात अक्षता पडायच्या वेळेला त्या नवऱ्याच्या मामाला गाठून सांगत होत्या, "तुमच्या पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. एक्स्प्रेसवेवर नेऊ नका." मामा चिडले. हॉटेलात, पंपावर, शाळेच्या पटांगणात, सगळीकडे हेच. पेट्रोलपंपावरच्या पोरांशी तर त्यांचं कायमचं भांडण. न विचारता पस्तीसची हवा मारणाऱ्याला त्या म्हणायच्या, "अरे, डॉक्टर वजन न विचारता औषध देतो का?" ती पोरं त्यांना बघितलं की पाईप टाकून लांब जायची.

अंगावर कायम सलवार-कमीज आणि वरून अण्णांचा खाकी शर्ट. पायात कापडी बूट. चहा बिनसाखरेचा, तोही थर्मासच्या झाकणातून. कुणाच्या घरी चहा दिला तर मात्र जसा असेल तसा प्यायच्या. एकदा वरच्या एका वाडीत म्हाताऱ्या आबांनी त्यांना आडनाव विचारलं. मॅडमनी सांगितलं. घरातून चहा आला तो फक्त माझ्यासाठी. मॅडमनी बैलाचा खूर तपासायचं काम पुरं केलं, औषध कसं लावायचं ते आबांना दोनदा सांगितलं आणि आम्ही निघालो. वाटेत मी काहीतरी बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "बैलाचा खूर दर चार दिवसांनी बघायला लागेल. तेवढ्या वेळा जाऊ आपण." गेलो. चौथ्या खेपेला दोन कप आले. मॅडमनी तो गोड चहा संपवला आणि कप स्वतः धुऊन ठेवायला गेल्या, तेव्हा आबांची सून पुढे होऊन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम, लाजवू नका."

त्या चुकायच्या नाहीत असं नाही. चुकल्या तेव्हा मी तिथेच होतो, आणि अण्णाही होते.

अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरातले. कानाने कमी ऐकायचे, पण मनात आलं की जीपच्या मागच्या बाकावर येऊन बसायचे. त्यांना नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्या दिवशी पवन मावळातल्या एका शेतकऱ्याचा बैल आजारी होता आणि त्याच्या घराआधी खाचराला लागून चिखलाचा एक पट्टा होता. नांगरलेल्यासारखा काळाभोर. मॅडम उतरल्या, गेज काढला आणि हवा सोडायला लागल्या.

मागून अण्णा ओरडले, "वत्सू! काय करतेस?"

"चिखल आहे अण्णा! सोडतेय!"

"नको सोडू!"

"अहो, लय आहे चिखल!"

"काठी घालून बघितलीस का?"

"दिसतोय की!"

शेतकरी बिचारा पलीकडच्या बांधावर बैलाचं दावं धरून उभा. त्याला वाटलं बापलेक बैलावरूनच भांडतायत. तो तिकडून म्हणाला, "अवो, मी आनू का त्याला हितं?" दोघांनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मॅडमनी चारही चाकं अठरावर आणली आणि गाडी घातली. जीप चिखलावर आली आणि होडीसारखी तरंगायला लागली. चाकं फिरतायत, गाडी पुढे जायच्या ऐवजी आडवी सरकतेय. शेवटी मागचं टोक बांधाला जाऊन टेकलं आणि आम्ही तिथेच अडकलो.

अण्णा खाली उतरले. धोतर वर खोचलं. काठी चिखलात घातली. काठी कोपरभर गेली आणि टक्क वाजली.

"हे बघ. खाली दगड आहे. वरचा चिखल नुसता लोण्यासारखा. इथे टायर कडक पाहिजे, म्हणजे तो चिखल कापून खाली जातो आणि दगड धरतो. तू त्याला पसरवलास. आता तरंग."

मॅडमचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. त्यांनी पायपंप काढला. मी पंप मारला, शेतकऱ्याने मारला, अण्णा काठीवर टेकून मोजत राहिले. अठ्ठावीसला आल्यावर मॅडमनी पहिला गिअर टाकला. चाकं खाली बसली, कशाला तरी लागली आणि जीप चालत बाहेर आली. बैलाला ताप होता, औषध दिलं, तो बरा झाला. परत येताना अण्णा मागे झोपले होते. मॅडम हळूच मला म्हणाल्या, "त्यांनी हे मला लहानपणी सांगितलं होतं. मी विसरले." थोडं पुढे गेल्यावर हसल्या. "माझं नशीब, ते अजून मागे बसतात."

पुढच्या हिवाळ्यात अण्णा गेले. मॅडमनी रजा फक्त तीन दिवसांची घेतली. चौथ्या दिवशी त्या आल्या त्या काठी घेऊन. ती काठी मग जीपमध्येच असायची, बाकाखाली. चिखल आला की त्या आधी काठी घालायच्या, मग गेज काढायच्या.

एप्रिलमधल्या जयंतीला जीप तळेगावच्या मिरवणुकीत असायची. बॉनेटवर तसबीर, हार, निळे झेंडे, आणि मागे वस्तीतली जितकी पोरं चढतील तितकी. त्या दिवशी मॅडम सकाळपासून पांढऱ्या साडीत असायच्या, आणि पांढरी साडी नेसूनच चाकांपाशी बसलेल्या असायच्या. "आज मागे पस्तीस," त्या सांगायच्या, "ओझं वाढलं की हवा वाढवायची. पोरं उतरली की कमी." मी दरवर्षी जायचो. त्या दिवशी त्या चालवायच्या कमी आणि गाडीबरोबर चालायच्या जास्त. एकदा मी विचारलं, "तुम्ही बसत का नाही?" म्हणाल्या, "माझ्या आजीला या रस्त्याने चपला हातात घेऊन चालावं लागायचं. मी घालून चालते." आणि कापडी बूट वाजवत पुढे गेल्या.

आता ती गोष्ट सांगतो, जी करवंदवाडीत अजून सांगतात.

करवंदवाडी लोणावळ्याच्या वरच्या पठारावर आहे. डांबर संपल्यावर मुरूम, मग खाचरं, मग ओढ्याची वाळू आणि शेवटी दगडाचा चढ. तो चढ फार वाईट. धारेचे दगड, जणू कुऱ्हाडीची पाती उभी करून ठेवलीयत. वर पारूमावशी राहायची. नवरा लवकर वारलेला, मुलगा किसन, चार म्हशी आणि एक वळू. वळूच्या शिंगाला जखम होऊन त्यात किडे पडले होते म्हणून आम्ही दुपारी वर गेलो होतो. किसनने त्याला बांधलं होतं. पण औषधाचा पहिला थेंब पडला आणि वळूने असा हिसडा दिला की दावं तुटलं. मावशी समोरच होती. त्याने तिला शिंगावर घेतली आणि गोठ्याच्या दगडी भिंतीवर फेकली.

आम्ही धावलो. मांडीत शिंग घुसलं होतं, रक्त भळभळत होतं, आणि कंबरेपाशी हाड मोडलं असणार, कारण मावशीला हलवलं की ती जे ओरडायची ते अजून माझ्या कानात आहे. मॅडमनी जनावरांचा कापूस काढला, गोळाच्या गोळा जखमेत दाबला आणि वरून पट्टी आवळली.

"मॅडम, हा जनावरांचा..." मी म्हणालो.

"कापूस आहे तिकोने. दाबा. सोडू नका."

फोनला रेंज नव्हती. किसन कड्याच्या टोकापर्यंत पळत जाऊन फोन करून आला. ॲम्बुलन्स हायवेवरच्या एका अपघाताला गेली होती, यायला वेळ लागणार होता. मॅडमनी एकदा मावशीकडे आणि एकदा जीपकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "गोधड्या आणा. असतील तेवढ्या. घोंगडी पण." मागचं एक बाक उचलून टाकलं, खाली गोधड्यांचा थर केला आणि दाराची फळी काढून तिच्यावर मावशीला आडवं घातलं. फळी बांधली.

आणि मग त्या चाकापाशी बसल्या.

किसन म्हणाला, "मॅडम, आता कशाला? चला की!"

"थांब."

मीही चमकलो. दगडाच्या त्या चढासाठी आमची हवा बावीसची असायची आणि गाडी तशीच होती. चारही चाकं नीट. मॅडमनी हवा सोडायला सुरुवात केली. वीस, अठरा, सोळा. मी म्हणालो, "मॅडम, दगड आहेत. फाटेल."

"माहीत आहे." त्यांनी वर बघितलं नाही. "बाविसावर प्रत्येक दगड तिच्या कंबरेला लागेल. ते रक्त थांबणार नाही. चौदावर टायर गिळेल दगड. फाटला तर स्टेपनी आहे. एक आहे. दोन फाटले तर..." मग मला म्हणाल्या, "तुम्ही पुढे चाला. टोकदार दगड दिसला की पायाने दाखवा. हलवता आला तर हलवा. कापूस किसन धरेल."

मी पुढे चालत निघालो. तो उतार मी आयुष्यात कितीतरी वेळा उतरलो होतो, पण इतका हळू कधीच नाही. प्रत्येक दगडापाशी मी थांबायचो, पाय ठेवायचो, मॅडम चाक अर्धी वीत इकडे घ्यायच्या, आणि मग चाक दगडावर असं चढायचं, जसं जनावर चिखलातून पाय उचलतं तसं, सावकाश. टायरची कूस बाहेर यायची, दगड आत घुसायचा, आणि मग चाक पलीकडे उतरायचं. मॅडम सगळा वेळ बोलत होत्या. माझ्याशी नाही. मागे मावशीशी.

"मावशी, थोरल्या म्हशीचं नाव काय?"

"चांदी..."

"आणि दुसरी?"

"गं बाई... गंगी..."

"गंगी दूध किती देते?"

"लय न्हाई... तिला खुराक न्हाई..."

"खुराक मी सांगते. ऐकताय का? मावशी? ऐकताय का?"

"ऐकतीय की गं..."

दगडाचा उतार संपला. वाळू गेली, खाचरं गेली. चारही टायर जागेवर होते. बंधाऱ्याशी डांबर लागलं आणि मॅडमनी गाडी थांबवली.

किसनला वाटलं काहीतरी बिघडलं. मॅडमनी पायपंप काढला तेव्हा तो भडकला. "अवो बाई, येड लागलंय का तुमाला? डांबर हाय आता! पळवा ना! माझी आई मरतीय हितं!"

"किसन, पुढे घाटाचा उतार आहे. वळणं आहेत. चौदाच्या हवेवर, एवढ्या ओझ्याने, वळणावर टायर रिममधून निघाला तर आपण सगळे दरीत. आणि तुझी आई पण." त्यांनी पंप त्याच्या हातात दिला. "तू ताकदीचा आहेस. भर. मागचे दोन आधी."

मला वाटलं किसन पंप फेकून देईल. मग त्याने पंपावर पाय ठेवला आणि रागाने मारायला लागला. रडत होता, शिव्या देत होता, आणि मारत होता. मॅडम एका चाकावरून दुसऱ्या चाकावर गेज घेऊन जात होत्या आणि "अजून", "अजून", "बस" एवढंच म्हणत होत्या. मी मागे कापूस दाबून बसलो होतो. मावशीने डोळे उघडले आणि म्हणाली, "किसन्या, डाक्टरनीला शिव्या देऊ नगंस." त्यानंतर किसनने शिव्या बंद केल्या. पंप मात्र तितक्याच जोरात चालू ठेवला.

लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उजेड होता अजून. मावशीला आत घेतलं. मॅडम बाहेर जीपच्या पायरीवर बसल्या. मी समोरच्या टपरीवरून चहा आणला. साखरेचा होता. त्यांनी घेतला, घटाघट प्यायला आणि म्हणाल्या, "अजून एक आणा." तेवढ्यात आतून डॉक्टर आले आणि म्हणाले, रक्त थांबलंय, पुण्याला न्यावं लागेल, पण जीवाला धोका नाही. मॅडमनी मान हलवली. मग गुडघ्यांवर डोकं ठेवून त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्याच्या आवारात जीप उचलून चाकं काढली. मागच्या उजव्या टायरच्या आतल्या कुशीला हातभर चीर होती. रबर पूर्ण गेलं होतं, आतले धागे दिसत होते आणि त्यांतलेही अर्धे तुटले होते. पंक्चरवाला म्हणाला, "मॅडम, ह्यो घाटातनं आला? ह्याच्यावर?" मॅडमनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. तो टायर त्यांनी टाकून दिला, ठेवला बिवला नाही.

मावशी वाचली. लंगडत चालायची पण चालायची. तीन महिन्यांनी आम्ही लसी घेऊन वर गेलो तर ती दारातच बसली होती. तिने मॅडमला जवळ बसवलं, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "बये, त्या दिशी तू मला कुठल्या रस्त्यानं न्हेलंस गं? आपला दगडाचा रस्ता त्यो न्हवताच. मला कापसावनं गेल्यावानी वाटलं." मॅडम हसल्या. किसन मागे उभा होता. तो जीपपाशी गेला, पायाने एक टायर दाबून बघितला आणि विचारलं, "मॅडम, आज किती हाय?" त्या म्हणाल्या, "बावीस. तूच बघ." त्याने गेज लावला. माफी वगैरे मागितली नाही त्याने, मॅडमना ती नकोही होती. पण त्या वर्षीपासून दिवाळीला करवंदवाडीहून खरवस यायचा, तो किसन स्वतः घेऊन यायचा.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा समारंभ छोटाच झाला. शाल, नारळ, दोन भाषणं. त्यांना बोलायला सांगितलं तर त्या म्हणाल्या की नव्या डॉक्टरांना गावं माहीत नाहीत, त्यांच्याबरोबर पहिले सहा महिने तिकोने जातील. माझ्याकडे बघून "जाल ना?" असं विचारलं आणि खाली बसल्या. झालं भाषण.

नंतर वर्षभर त्या तळेगावलाच होत्या. मग गुडघे दुखायला लागले, आणि मुलीने त्यांना नाशिकला नेलं. फोन व्हायचा अधूनमधून. पावसाळ्यात हमखास. "करवंदवाडीच्या ओढ्याला पाणी किती?" "किसनची म्हैस गाभण झाली का?" असले प्रश्न. नव्या डॉक्टरांना आणि मला सरकारने एक चारचाकी दिली होती. तिच्या काचेसमोर टायरची हवा आपोआप दिसते. ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. सोय झाली." आणि मग थोडं थांबून, "पण उतरता ना?" मी हो म्हटलं. गेल्या थंडीत मुलीचा फोन आला. साधा ताप होता, दोन दिवस होता, आणि त्या गेल्या. मी नाशिकला पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

पण मला त्या नाशिकच्या आठवत नाहीत. आठवतात त्या पठारावरच्या.

त्या नाशिकला जायच्या आधीच्या सप्टेंबरची गोष्ट. मी वरच्या वाड्यांमधून बिल्ले मारत फिरत होतो. पाऊस संपत आलेला, गवत कमरेएवढं, मधे मधे जांभळी-पिवळी फुलं. एका वळणावर गवतात मॅडमची जीप दिसली. शेजारी चादर टाकून त्यांच्या वयाच्या तीन बायका बसल्या होत्या, तळेगावच्याच असाव्यात. डबे उघडलेले, भाकरी, ठेचा, मोठमोठ्याने हसणं चाललेलं. मॅडम त्यांच्यात नव्हत्या. त्या जीपच्या पलीकडे, मागच्या चाकाला पाठ लावून, पाय पसरून झोपल्या होत्या. खाकी शर्ट, डोक्यावर ओढणी, बूट काढून बाजूला ठेवलेले. आजूबाजूला धनगरांच्या गाई चरत होत्या. एक कालवड अगदी जवळ आली, तिने त्यांच्या तळपायाचा वास घेतला आणि खरखरीत जिभेने चाटला. मॅडमनी झोपेतच पाय जरासा आखडला आणि पुन्हा पसरला. कालवडीने पुन्हा चाटला. यावेळी त्यांनी पाय हलवला नाही.

मी हाक मारणार होतो. चादरीवरच्या एका बाईने माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. मी मान हलवली, डबा खांद्यावर घेतला आणि गवतातून आवाज न करता पुढे गेलो.